हात गळ्यात, पोट हातावर : दुखापतीमुळे धंदा थांबतो तेव्हा घरखर्चाचं काय?



आपल्या मंदिरात येणाऱ्या कुटुंबांमध्ये नोकरदार पुष्कळ आहेत, पण स्वतःचा धंदा करणारेही कमी नाहीत. कोणी ड्रायव्हिंग शिकवतं, कोणी टॅक्सी चालवतं, कोणी इलेक्ट्रिशियन आहे, कोणी घरून डबे देतं, कोणी पार्लर चालवतं, तर कोणी लहान मुलं सांभाळतं. या सगळ्यांचं हातावर पोट आहे. त्यात थंडीचे दिवस आले, की या देशात बर्फावरून घसरून मनगट किंवा घोटा मोडणाऱ्यांची संख्या वाढते.

नोकरदार माणूस पडला तर त्याला निदान कायद्याने ठरलेली आजारपणाची रक्कम मिळते. २०२५-२६ च्या दराने ती आठवड्याला ११८.७५ पौंड आहे आणि जास्तीत जास्त २८ आठवडे मिळते. स्वतःचा धंदा करणाऱ्याला ही रक्कम लागू नाही. कामावर अपघात झाल्यास कर्मचाऱ्याला मिळू शकणारा इंडस्ट्रियल इंज्युरीज बेनिफिटही त्याला नाही. त्याची कमाई त्याच दिवशी थांबते आणि बिलं मात्र ठरल्या तारखेला येत राहतात.

जीपी म्हणून काम करताना मी एक गोष्ट वारंवार पाहिली. मोडलेल्या हाडावर उपचार पहिल्या काही तासांत सुरू होतात. घराच्या पैशांकडे मात्र तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, कार्डाची मर्यादा संपल्यावर लक्ष जातं. ‘महिन्याभरात बरं वाटेल, कशाला कोणाला सांगायचं?’ असं म्हणत दिवस ढकलले जातात. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो, पण अशा वेळी झाकलेली मूठ घराला महागात पडते. बहुतेक मदतीला तारखेची मर्यादा असते आणि बँक किंवा काउन्सिल सवलत देते ती हप्ता चुकण्याआधी सांगणाऱ्याला अधिक सहज. म्हणून या लेखात सांगायची मुख्य गोष्ट एकच आहे : प्लास्टर ओलं असतानाच हिशोबाला बसा.

लेखातले आकडे २०२५-२६ या करवर्षाचे आहेत. ते दर एप्रिलमध्ये बदलतात, म्हणून अर्ज करताना चालू दर पाहून घ्यावेत.

डॉक्टरांना कोणता प्रश्न विचारावा?

‘हाड किती दिवसांत जुळेल?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. धंदेवाल्याने विचारायचा प्रश्न वेगळा आहे : ‘माझं काम मला किती दिवसांनी करता येईल?’ या दोन प्रश्नांच्या उत्तरांत महिन्यांचा फरक पडू शकतो.

मनगटाचं साधं फ्रॅक्चर असेल तर प्लास्टर साधारण ६ आठवडे राहतं. प्लास्टर निघालं म्हणजे हात कामाला लागला असं नाही. बोटं आखडलेली असतात, मूठ घट्ट आवळत नाही. ताकद परत यायला आणखी ६ आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. खांद्याच्या तुटलेल्या स्नायूबंधावर शस्त्रक्रिया झाली, तर हात ४ ते ६ आठवडे गळ्यात असतो आणि जड उचलण्याचं काम ३ ते ६ महिने जमत नाही. नडगीचं हाड मोडलं तर जुळायलाच ३ ते ६ महिने लागू शकतात. वय, मधुमेह आणि धूम्रपान यांमुळे हा काळ लांबतो.

म्हणून डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना आपलं काम नीट वर्णन करून सांगा. ‘मी ड्रायव्हर आहे’ एवढं पुरत नाही. ‘मी शिकाऊ माणसाच्या शेजारी बसतो आणि गरज पडली तर एका क्षणात स्टिअरिंग ओढावं लागतं’ असं सांगा. ‘मी स्वयंपाक करते’ म्हणू नका. ‘मी रोज १० किलोचं पातेलं उचलते आणि चार तास उभी असते’ असं सांगा. मग मिळणारी तारीख उपयोगाची असते. त्या तारखेत आणखी एक महिना धरून पैशांचा हिशोब करा.

पहिले ७ दिवस तुम्ही स्वतःच आजारी असल्याचं सांगू शकता. त्यापुढे फिट नोट लागते. ती आता फक्त डॉक्टरच देतात असं नाही. जुलै २०२२ पासून नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टही ती देऊ शकतात. ‘मला कोण बॉस आहे, मला फिट नोट कशाला?’ असं अनेक धंदेवाले म्हणतात. पण सरकारी भत्ता असो किंवा विमा, दोन्ही ठिकाणी पहिला कागद तोच मागतात. एनएचएसच्या फिट नोटला पैसे पडत नाहीत. विमा कंपनीसाठी खास अहवाल हवा असेल तर मात्र सर्जरी शुल्क घेऊ शकते. नोटची मुदत संपण्याआधी पुढची घ्या, मध्ये खंड पडू देऊ नका.

गाडी चालवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. दुखापतीमुळे ३ महिन्यांहून जास्त काळ गाडी चालवता येणार नसेल, तर डीव्हीएलएला कळवावं लागतं. प्लास्टर असताना किंवा कोडीनसारख्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या चालू असताना ‘जवळच तर जायचंय’ म्हणून गाडी काढू नका. विमा कंपनी हात वर करेल, ते वेगळंच.

पहिल्या आठवड्यातली कामं

ही यादी फ्रिजवर लावून ठेवण्यासारखी आहे. दुखापत झालेल्या माणसाला वेदना असतात, झोप नसते, म्हणून ही कामं घरातल्या दुसऱ्या कोणी तरी हातात घ्यावीत.

१. अपघाताची तारीख, वेळ, जागा आणि पाहणाऱ्यांची नावं एका वहीत लिहा. जागेचे आणि जखमेचे फोटो काढून ठेवा. दुकानात किंवा कोणाच्या साइटवर पडला असाल, तर तिथल्या अपघात-नोंदवहीत नोंद करवून घ्या. चूक दुसऱ्याची असेल तर भरपाईचा दावा कोर्टात दाखल करायला सर्वसाधारणपणे ३ वर्षांची मुदत असते. बुडालेली कमाई दाखवायला रद्द झालेल्या कामांची यादी आणि जुनी इन्व्हॉइस लागतात.

२. सगळ्या विमा पॉलिसी बाहेर काढा. इन्कम प्रोटेक्शन आहे का, मॉर्गेजबरोबर घेतलेला विमा आहे का, बँक खात्याबरोबर किंवा व्यवसाय संघटनेच्या सभासदत्वाबरोबर अपघात विमा आला आहे का, ते पाहा. इन्कम प्रोटेक्शनमध्ये पैसे सुरू होण्याआधी ४, ८, १३ किंवा २६ आठवडे थांबावं लागतं. पण कळवायचं लगेच असतं. क्रिटिकल इलनेसची पॉलिसी वेगळी. साध्या फ्रॅक्चरला ती सहसा लागू होत नाही.

३. ग्राहकांना स्वतःहून आणि तारखेसकट कळवा. ‘मार्चअखेरीस पुन्हा सुरू करतो, तोवर हा माझा मित्र काम करेल’ असं सांगितलं तर ग्राहक थांबतात. काहीच कळलं नाही तर निघून जातात.

४. धंद्याचे खर्च वेगळे काढा. जाहिरात, सॉफ्टवेअर, भाड्याची जागा यांतलं काय थांबवता येतं, काय नाही, ते ठरवा. कामाची हत्यारं, व्हॅन किंवा गाडी मात्र घाईने विकू नका. हात बरा झाल्यावर कमवायचं कशाने?

५. भत्त्यांचे अर्ज करा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

एका कागदावर हिशोब

समजा, एक ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर आहे. उजवं मनगट मोडलं आहे आणि काम ४ महिने बंद राहणार आहे. पत्नी शाळेत अर्धवेळ काम करते, तिचे महिन्याला १,२५० पौंड हातात येतात. घराचा महिन्याचा खर्च असा :

मॉर्गेज १,१५०; काउन्सिल टॅक्स १९०; गॅस-वीज १७०; पाणी, फोन, इंटरनेट ११०; वाणसामान ५५०; शिकवण्याच्या गाडीचा हप्ता ३२०; विमे १३०; क्रेडिट कार्ड १८०; किरकोळ १००. एकूण २,९०० पौंड.

काहीच केलं नाही तर दर महिन्याला १,६५० पौंडांची तूट येते. चार महिन्यांत ६,६०० पौंड. ते कार्डावर गेले, तर हाड जुळल्यावरही वर्षानुवर्षं व्याज चालू राहील.

आता वेळेवर पावलं उचलली असं धरू. ईएसए हा भत्ता मिळाला तर महिन्याला सुमारे ४०० पौंड येतील. मॉर्गेज काही महिने फक्त व्याजावर नेलं आणि हप्ता ७५० झाला, तर ४०० वाचले. कार्ड कंपनीशी बोलून १८० चे ६० केले, तर १२० वाचले. वाणसामानात १०० आणि किरकोळ खर्चात ५० कमी केले. आता तूट उरते ५८० पौंडांची. चार महिन्यांत २,३२०. ही रक्कम घरातल्या शिलकीतून किंवा नातेवाइकांच्या मदतीने भागवता येते. दुखापत तीच, हाड तेच, फरक पडला तो पहिल्या पंधरवड्यातल्या चार-पाच फोन आणि अर्जांनी.

आपापले आकडे वेगळे असतील. पण कागद मात्र नवरा-बायको दोघांनी मिळून करायचा. अनेक घरांत बँकेचे पासवर्ड आणि हप्त्यांच्या तारखा एकालाच माहीत असतात, आणि नेमका तोच माणूस हॉस्पिटलमध्ये असतो.

कोणाचे पैसे आधी द्यायचे?

माणसाचा स्वभाव असा, की जो जास्त फोन करतो त्याचे पैसे आधी दिले जातात. ही पद्धत धोक्याची आहे. ज्याचे पैसे थकल्याने घर, वीज किंवा स्वातंत्र्य धोक्यात येतं, त्याचे आधी द्यायचे. म्हणजे मॉर्गेज किंवा भाडं, काउन्सिल टॅक्स, गॅस-वीज, कोर्टाचा दंड आणि कामाला लागणाऱ्या गाडीचा हप्ता. क्रेडिट कार्ड, दुकानाचं उधार, साधं कर्ज हे त्यानंतर. त्यांची पत्रं कडक असली तरी त्यांच्यामुळे लगेच घर जात नाही. अर्थात त्यांनाही कळवायचंच.

मॉर्गेजसाठी, हप्ता थकलेला नसेल तर सहा महिने फक्त व्याज भरण्याची सोय २०२३ च्या मॉर्गेज चार्टरवर सही केलेल्या बँका देतात. ही सूट नव्हे. मुद्दल तसंच राहतं आणि पुढचे हप्ते थोडे वाढतात. पण हात गळ्यात असताना ती मोठी उसंत असते. काउन्सिल टॅक्समध्ये कमी उत्पन्नवाल्यांना सवलत मिळू शकते, त्यासाठी वेगळा अर्ज असतो.

कर्जं डोक्यावरून गेली असतील, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये मे २०२१ पासून ‘ब्रीदिंग स्पेस’ नावाची योजना आहे. मान्यताप्राप्त कर्ज-सल्लागारामार्फत अर्ज केला, की पात्र कर्जांवरचं बहुतेक व्याज आणि वसुलीची कारवाई ६० दिवस थांबते. चालू महिन्याचा मॉर्गेजचा हप्ता आणि बिलं मात्र भरत राहावी लागतात. असा सल्ला सिटिझन्स ॲडव्हाइस, स्टेपचेंज आणि नॅशनल डेटलाइन यांच्याकडे मोफत मिळतो. धंदेवाल्यांसाठी बिझनेस डेटलाइन ही खास सेवा आहे. हे सगळं मोफत असताना कर्ज मिटवून देतो म्हणून फी मागणाऱ्यांच्या नादी लागू नका.

भिशीत पैसे अडकले असतील तर भिशीवाल्यांना स्पष्ट सांगा आणि आपला नंबर पुढे-मागे करून घ्या. भिशी चालते विश्वासावर. एक हप्ता न सांगता बुडवण्यापेक्षा आधी सांगितलेलं कधीही बरं. सोनं गहाण ठेवायची वेळ आली, तर आधी वरच्या सगळ्या वाटा चालून पाहिल्यात ना, हे स्वतःला विचारा.

टॅक्सचे हप्ते

स्वतःचा धंदा करणारे बरेच जण ३१ जानेवारी आणि ३१ जुलैला पुढच्या बिलापोटी आगाऊ हप्ते भरतात. हे हप्ते आदल्या वर्षाच्या बिलावरून ठरतात. आदल्या वर्षी बिल ५,००० असेल तर प्रत्येक हप्ता २,५०० चा. पण ज्या करवर्षात दुखापत झाली, त्या वर्षी कमाई घटली आहे. त्या वर्षाचे आगाऊ हप्ते कमी करून मागता येतात, आणि ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. अंदाज मात्र प्रामाणिक हवा. फारच कमी करून घेतले, तर फरकावर व्याज लागतं. आधीच देणं असलेली रक्कम एकदम भरणं शक्य नसेल, तर एचएमआरसीकडून ‘टाइम टू पे’ने मासिक हप्ते बांधून घेता येतात. रिटर्न मात्र वेळेत भरा. पैसे नाहीत म्हणून रिटर्नच न भरणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

सरकारी भत्ते

न्यू स्टाइल ईएसए : स्टेट पेन्शनच्या वयाखालच्या, आजारपणामुळे काम न करू शकणाऱ्यांसाठी. मागच्या दोन-तीन वर्षांत पुरेसं नॅशनल इन्शुरन्स जमा असावं लागतं. पहिल्या टप्प्यात २५ वर्षांवरच्यांना आठवड्याला ९२.०५ पौंडांपर्यंत मिळतात. पहिल्या ७ दिवसांचे पैसे मिळत नाहीत. हा भत्ता तुम्ही भरलेल्या हप्त्यांवर मिळतो. म्हणून घरातली शिल्लक किंवा जोडीदाराची कमाई यांच्या आड येत नाही. जास्तीत जास्त ३ महिने मागचा अर्ज करता येतो, पण तोवर थांबू नका. या काळात थोडंसं काम करायचं असेल, तर आधी कार्यालयाला कळवा. न कळवता घेतलेला एखादा दिवसाचा रोजही अडचणीचा ठरतो.

नॅशनल इन्शुरन्सबद्दल एक सूचना. नफा २०२५-२६ मध्ये ६,८४५ पौंड किंवा अधिक असेल, तर क्लास २ चे हप्ते भरल्याचं धरलं जातं. नफा त्याहून कमी असेल तर ते आपोआप धरले जात नाहीत. आठवड्याला ३.५० पौंड स्वेच्छेने भरता येतात. घरून थोडे डबे देणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या भगिनींनी ही गोष्ट नक्की तपासावी. वर्षाला १८२ पौंडांत हा आधार शाबूत राहतो.

युनिव्हर्सल क्रेडिट : हा भत्ता घराचं एकूण उत्पन्न आणि शिल्लक पाहून मिळतो. शिल्लक १६,००० पौंडांहून जास्त असेल तर मिळत नाही. ६,००० पर्यंतची शिल्लक धरत नाहीत. अर्जानंतर पहिले पैसे यायला साधारण ५ आठवडे लागतात, म्हणून उशीर नको. भारतातली शिल्लकही मोजली जाते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पुण्यातला रिकामा फ्लॅट, गावच्या जमिनीतला आपला हिस्सा, सहकारी बँकेतली ठेव, सगळं सांगावं लागतं. लपवलं तर पुढे वसुली होते आणि दंडही होतो.

दुखापतीचे परिणाम दीर्घकाळ राहणार असतील, म्हणजे ३ महिने त्रास झाला आहे आणि पुढे निदान ९ महिने राहील असं दिसत असेल, तर पीआयपीचा विचार करावा. त्यात उत्पन्न पाहत नाहीत. स्कॉटलंडमध्ये त्याऐवजी अडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आहे. उत्पन्न फार घटलं असेल, तर एचसी१ अर्ज भरून औषधं, दात, चष्मा आणि हॉस्पिटलला जाण्याच्या भाड्यासाठी मदत मागता येते.

ज्यांच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ असा शेरा आहे, त्यांनी फार काळजी घ्यावी. युनिव्हर्सल क्रेडिट, पीआयपी, काउन्सिल टॅक्सची सवलत हे पब्लिक फंड्समध्ये येतात. ते घेतल्याने व्हिसाची अट मोडू शकते. न्यू स्टाइल ईएसए त्यात येत नाही, कारण तो आपल्याच हप्त्यांवर मिळतो. तरीही अर्जाआधी जाणकार सल्लागाराला विचारा.

स्वतःची लिमिटेड कंपनी असून तिच्यातून पगार घेत असाल, तर कायद्याने तुम्ही कर्मचारीही ठरता. तुमचे नियम थोडे वेगळे आहेत. अकाउंटंटशी बोला.

घरातल्या ज्येष्ठांसाठी

मुलगा किंवा सून पडली, की आई-वडिलांचा हात आधी स्वतःच्या पेटीकडे जातो. ते स्वाभाविक आहे. पण थोडं थांबून विचार करावा.

एकदम मोठी रक्कम मुलाच्या खात्यात टाकली, तर त्याची शिल्लक युनिव्हर्सल क्रेडिटच्या मर्यादेवर जाऊ शकते. म्हणजे तुमची मदत मिळाली आणि सरकारची गेली. तुम्ही पेन्शन क्रेडिट घेत असाल, तर मोठी रक्कम देऊन टाकल्याबद्दल तुम्हालाही प्रश्न विचारले जाऊ शकतात. त्यापेक्षा दर महिन्याचं वाणसामान भरणं, नातवंडांची फी थेट भरणं अधिक सोयीचं.

दिलेली रक्कम भेट आहे की उसनी, हे दोन ओळींत लिहून ठेवा आणि बाकीच्या मुलांनाही सांगा. आज संकोच वाटतो म्हणून न लिहिलेल्या गोष्टीवरून उद्या भावाभावांत अबोला होतो. आणि आपल्या औषधांसाठी, घरात थंडीत हीटिंग चालू ठेवण्यासाठी लागणारे पैसे कधीही देऊन टाकू नका. डॉक्टर म्हणून हे मी आग्रहाने सांगतो. मुलाचा हात बरा होईपर्यंत आईला न्यूमोनिया झाला, तर त्या घराने काय करावं?

ज्या मुलाच्या हाताला धरून तुम्ही जिना उतरत होता, त्याचाच हात आज गळ्यात आहे. तेव्हा स्वतःच्या हक्काकडेही पाहा. तुम्हाला आंघोळ, कपडे, औषधं यांसाठी निदान ६ महिन्यांपासून मदत लागत असेल, तर अटेंडन्स अलाउन्स मागता येतो. त्याचे दर आठवड्याला ७३.९० आणि ११०.४० पौंड आहेत, आणि त्यात शिल्लक पाहत नाहीत. स्कॉटलंडमध्ये त्याऐवजी पेन्शन एज डिसॅबिलिटी पेमेंट आहे. मुलांनी हमी देऊन इथे आणलेल्या आई-वडिलांनी मात्र आधी चौकशी करावी.

मनाचं दुखणंही दुखणंच

कमावता माणूस घरी बसला, की त्याला आपण ओझं झालो असं वाटू लागतं. झोप उडते, चिडचिड वाढते, कोणी संध्याकाळचा एक पेला दोनावर नेतो. मुद्दाम देवळात यायचंही टाळतो, कारण ‘सध्या काय चाललंय?’ असं कोणी विचारेल. ही लक्षणं दिसली तर जीपींना सांगा. प्लास्टर तपासायला जातो तितकंच ते साधं आहे.

पैशाच्या ताणामुळे लोक लवकर कामावर परततात, हे त्याहून वाईट. न भरलेलं हाड पुन्हा मोडतं, शिवलेला स्नायूबंध पुन्हा तुटतो, आणि ४ महिन्यांची सुट्टी ९ महिन्यांची होते. म्हणून पैशांचा हिशोब वेळेवर करणं हा उपचाराचाच भाग आहे. घरात तीन महिन्यांची सोय आहे असं माहीत असलेला रुग्ण फिजिओथेरपीचे व्यायाम शांतपणे करतो. तो बराही नीट होतो.

ज्यांचे हातपाय आज धड आहेत त्यांनी एवढं करून ठेवावं : तीन महिन्यांचा घरखर्च हळूहळू बाजूला टाकावा, नॅशनल इन्शुरन्सची नोंद ऑनलाइन पाहावी, इन्कम प्रोटेक्शनची चौकशी करताना ‘माझं स्वतःचं काम करता आलं नाही तर’ पैसे मिळतात की ‘कुठलंच काम करता आलं नाही तर’, हे आधी विचारावं. दोन्हींच्या हप्त्यात थोडा, पण अडचणीच्या दिवशी फार मोठा फरक असतो.

एक विनंती

ट्रस्टच्या मदतनिधीत आपण जे टाकता, त्यातून अशा घरांना मधल्या काही आठवड्यांसाठी आधार देता येतो. पैशाइतकीच गरज माणसांची आहे. कोणी निवृत्त अकाउंटंट महिन्यातून एक संध्याकाळ अर्ज भरायला बसेल, कोणी हॉस्पिटलला गाडीने नेऊन आणेल, कोणी आठवड्यातून दोनदा डबा पोहोचवेल, तर त्यांनी कार्यालयात नाव द्यावं. आणि ज्यांच्या घरी सध्या कोणाचा हात गळ्यात आहे, त्यांनी संकोच न करता आरतीनंतर कार्यकर्त्यांपैकी कोणालाही बाजूला घेऊन सांगावं. सांगितलेलं त्यांच्यापाशीच राहील.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.